झोळीतल्या लेकराशी बोला



एरवी या वेळेला मी आपल्याशी बियाणं, खतं, कीड-रोग यांविषयी बोलत असतो. आज विषय वेगळा घेतला आहे. जन्मल्यापासून तीन वर्षांपर्यंतचं लेकरू घरात आणि शेतात काय काय शिकतं, आणि त्याच्या शिकण्याला आपण कसा हातभार लावायचा, याबद्दल आज चार गोष्टी सांगणार आहे. कोणी म्हणेल, "साहेब, तुम्ही शेतीचे. लेकरं वाढवायची विद्या आमच्या घरच्या म्हाताऱ्यांकडे आहे. तुम्ही आपलं बोंडअळीचं सांगा." बोंडअळीचंही सांगायचंच आहे, ते पुढल्या भाषणात. पण खुरपणीच्या दिवसांत मी शिवारात फिरतो तेव्हा बांधावरच्या लिंबाला, बाभळीला झोळ्या टांगलेल्या दिसतात. आई पात धरून शंभर पावलं पुढे गेलेली असते, बाप औतामागे असतो, आणि झोळीतलं लेकरू टक्क डोळे उघडून पानांकडे पाहत पडलेलं असतं. पेरणीपासून वेचणीपर्यंत आपल्या लेकरांचे कितीतरी दिवस असे शिवारातच जातात. तेव्हा हा विषय शेतीच्या बाहेरचा आहे असं मला वाटत नाही. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो. तिथं आमच्या शेतकी महाविद्यालयाबरोबरच गृहविज्ञानाचं महाविद्यालय होतं. आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. बालविकास हा विषय तिथं पीकशास्त्राच्या जोडीनंच शिकवला जातो.

आपला समज असा असतो की मूल शाळेत गेल्यावर शिकायला लागतं. फार तर अंगणवाडीपासून. त्याआधी खाणं, झोपणं आणि रडणं, एवढंच त्याचं काम. हा समज सोडून द्यावा. दोन वर्षांच्या लेकराचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन चतुर्थांशाहून अधिक झालेला असतो. म्हणजे अंगणवाडीत नाव घालायच्या आधीच मोठी वाढ होऊन गेलेली असते. आपली पेरणी फसली तर आपण दुबार पेरणी करतो. बियाण्याचा खर्च अंगावर येतो, उतारा घटतो, पण काही ना काही पीक हाती लागतं. लेकराचंही साधारण तसंच समजा. ही वर्षं वाया गेली म्हणून मूल कायमचं वाया जात नाही. ते पुढेही शिकतं. पण जे या वयात सहज, खेळता खेळता होतं, त्यालाच पुढे दुप्पट मेहनत पडते.

आता या वाढीला काय लागतं? पोटभर आणि सकस खाणं तर लागतंच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर दुधाच्या जोडीला मऊ भात-वरण, भाकरी कुस्करून, अंडं, पिकलेलं फळ. त्याविषयी आशाताई सांगतात, म्हणून मी लांबण लावत नाही. पण खाण्याइतकीच दुसरी एक गोष्ट लागते, तिला पैसा पडत नाही, आणि नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे लेकराला जबाब देणारं माणूस.

जबाब हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण तमाशात सवाल-जबाब ऐकतो. तसंच हे आहे. तीन महिन्यांचं लेकरू "अंऽ" करतं, हा त्याचा सवाल. आपण त्याच्याकडे पाहून "काय रे बापू, काय म्हणतोस?" म्हणालो, हा जबाब. ते पुन्हा हुंकारतं. आपण पुन्हा बोलतो. वर्षाचं मूल कावळ्याकडे बोट दाखवतं, तोही सवालच. "हो, कावळा आहे तो. काळा काळा. उडाला बघ" हा जबाब. असे सवाल-जबाब दिवसातून शंभर वेळा घडले तर लेकराची भाषा, समज आणि धीटपणा वाढतो. सवाल टाकून टाकून जबाबच आला नाही तर लेकरू हळूहळू सवाल टाकणं कमी करतं. मग आपण म्हणतो, फार शांत आहे हो आमचं पोरगं, काही त्रास नाही. आता कोणाचा स्वभावच शांत असतो, ते मी नाकारत नाही. पण आपण हाक मारल्यावरही लेकरू वळत नसेल, हसत नसेल, तर त्या शांतपणाचं कौतुक करू नये.

अगदी तान्ह्या बाळाला काय कळतं, असं कोणी विचारील. त्याला आईचा आवाज कळतो, कारण पोटात असल्यापासून ते तो ऐकत आलेलं असतं. त्याची नजर मात्र लांबवर पोचत नाही. एक-सव्वा वितीवरचं त्याला चांगलं दिसतं. पदराखाली घेतल्यावर आईचं तोंड बरोबर तेवढ्याच अंतरावर येतं. म्हणून पाजताना त्याच्याकडे पाहावं, दोन शब्द बोलावेत. तेल लावताना "हा हात, हा दुसरा हात, हे पोट" असं म्हणत लावावं. आपल्या आज्या हेच करीत आल्या आहेत. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण ते शास्त्राला धरूनच आहे. रडणारं लेकरू उचललं की अंगाला सवय लागते, असंही काहीजण म्हणतात. वर्षाच्या आतल्या लेकराला खुशाल उचलावं, त्यानं ते बिघडत नाही. दुसरं, लेकरानं झोपून राहावं म्हणून अफू किंवा खोकल्याचं औषध पाजायची खोड कुठं कुठं अजून आहे. ती जीवघेणी आहे. कोणी करीत असेल तर आजच थांबवावं.

सहा महिन्यांच्या पुढे लेकरू बसायला लागतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं. घालू द्यावं. तोंड हेच त्याचं तपासणीयंत्र. फक्त वस्तू धुतलेली, मोठी आणि बोथट हवी. लाकडी पळी, स्टीलची वाटी, पेला, धुतलेला कापडी गोळा. पळीनं परातीवर आपटायला लागलं की आपल्या कानाला त्रास होतो खरा, पण आपण आपटलं की आवाज होतो, ही त्याच्या जन्मातली मोठी शोधाची गोष्ट आहे. साधारण आठ-नऊ महिन्यांचं झालं की वाटीखाली गाजर झाकावं आणि विचारावं, "कुठं गेलं गाजर?" पहिल्यांदा ते नुसतं पाहील. मग एके दिवशी हात पुढे करून वाटी उचलील. डोळ्यांआड झालेली वस्तू जगातून नाहीशी होत नाही, हे त्याला तेव्हा उमगलेलं असतं. पदरानं तोंड झाकून "भॉक" करायचा खेळ याच जातीचा. तळहातावर मोर बसवायचा, बोटं मोजायची, टाळ्या पिटायच्या, हे घराघरातले खेळ मोडीत काढू नयेत. यात शब्द, ताल आणि स्पर्श एकदम मिळतात.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मोठं गमतीचं असतं, आणि शेतकऱ्याच्या घरासारखी जागा त्याला कुठं मिळणार नाही. शहरातले लोक लेकराला गाय, शेळी, कोंबडी चित्राच्या पुस्तकात दाखवतात. आपल्या दारात ती उभी असतात. वासरू दाखवून "वासरू कुठं आहे?", शेपूट कुठं, कान कुठं, असं विचारावं. धार काढताना जरा अंतरावर बसवून आवाज ऐकवावा. टोपलीत वांगी नि टमाटे एकत्र असतील तर ते निवडायचं काम दोन वर्षांच्या पोराला द्यावं. वांगी इकडे, टमाटे तिकडे. चुकलं तर चुकू द्यावं. भाकरी थापताना कणकेचा गोळा हातात द्यावा. "एक भाकरी, दोन भाकरी" असं मोजत दुरडीत टाकावी. लहान लोटा, मोठा लोटा, भरलेला, रिकामा, ओलं, कोरडं, आत, बाहेर, ही सगळी शिकवणच आहे. चिखलाचा गोळा वळू द्यावा. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, तेव्हा त्यालाही एक बैल करू द्यावा. त्याचा बैल आपल्याला बटाट्यासारखा दिसेल. विचारावं, "याची शिंगं कुठं आहेत?" तो दाखवील.

ज्वारीच्या धाटाची गाडी आपण लहानपणी केली आहे. ती करून द्यावी, मात्र वरची साल हात कापते, ती आपण काढावी आणि आतला मऊ भेंड त्याला द्यावा. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली, डब्यांची उतरंड, खोक्याचं औत, यांना खर्च नाही. बाजारातलं चाकांचं प्लॅस्टिकचं वॉकर, ज्यात लेकराला बसवून सोडतात, ते घेऊ नये. लेकरू उंबऱ्यावरून उलटतं. त्यापेक्षा सुताराकडून पांगुळगाडा करून घ्यावा. त्यात लेकरू आपल्या पायांवर उभं राहून ढकलतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करून इंग्रजी शब्द म्हणायला लावायची नवी हौस खेड्यातही आली आहे. मला ती पटत नाही. या वयात लेकराला घरची भाषा भरपूर मिळाली पाहिजे. ज्यांच्या घरी गोरमाटी बोलतात त्यांनी गोरमाटीत बोलावं. घरची भाषा पक्की झाली की पुढच्या भाषा त्यावर चढतात.

आता याचा पुरावा काय? जमैका नावाचा एक लहानसा बेटांचा देश आहे. तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधून १९८६-८७ साली १२९ लेकरं निवडली. सगळी नऊ ते चोवीस महिन्यांची, वयाच्या मानानं उंची खुंटलेली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला एक तास जायची. ती लेकराला शिकवत नसे, आईला लेकराशी खेळायला आणि बोलायला शिकवायची. खेळणी टाकाऊ वस्तूंपासून केलेली. या आठवड्यात एक ठेवायचं, पुढल्या आठवड्यात बदलून दुसरं द्यायचं. असं दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली. ज्यांच्या घरी हे खेळणं-बोलणं झालं होतं त्यांची कमाई, ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. बंधूंनो, उत्पन्नात पंचवीस टक्के वाढ देणारं खत आपण किती लांबून आणू, याचा विचार करा.

आणि इतक्या दूर जायचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी हेच काम केलं. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. लेकरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा लेकरांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर कुरणशाळा चालवली. शंख-शिंपले, पानं, बिया, खडे हेच शिकवायचं साहित्य. आज गावोगावच्या अंगणवाडीला जे नाव आहे, त्याची मुळं त्या अंगणांत आहेत.

आता मोबाइलचं. खुरपणीच्या वेळी मी एका शेतात गेलो होतो. बांधावर दीड-दोन वर्षांचा पोरगा गोधडीवर बसून मोबाइलवर गाणी पाहत होता. आईनं दोनदा हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. शेजारच्याच पट्टीत एक आजी नातीला मांडीत घेऊन शेंगा सोलत होती. सोलता सोलता तिचं एकसारखं बोलणं चाललं होतं, आणि ती चिमुरडी तिच्या बोबड्या भाषेत दर वाक्याला काहीतरी म्हणत होती. मोबाइलसुद्धा बोलतो, गातो, हे खरं. पण लेकरानं टाकलेल्या सवालाला तो जबाब देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या लेकराला पडदा दाखवूच नये, दुसऱ्या वर्षीही दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून अधिक नको. आईला दोष देण्यात अर्थ नाही. पात सोडून ती लेकराजवळ बसली तर रोज बुडतो. म्हणून उपाय सांगितला पाहिजे.

उपाय आपल्याच रीतीत आहे. आपण औताला सावड करतो. तुझा बैल, माझा बैल. तशीच सावड लेकरांसाठी करावी. चार-पाच घरच्या बाया एकाच शिवारात कामाला जात असतील तर पाळीपाळीनं एकीनं किंवा जाणत्या आजीनं सावलीत बसून सगळ्यांची लेकरं पाहावीत, आणि तिची पात बाकीच्यांनी ओढून घ्यावी. या कामासाठी आठ-दहा वर्षांच्या मुलीला शाळेतून घरी बसवू नये. त्यात थोरलीची शाळा बुडते आणि धाकट्यालाही जाणतं माणूस मिळत नाही.

आता पुरुष मंडळींना दोन शब्द. वडीलधाऱ्यांच्या देखत आपलं लेकरू उचलायचं नाही, अशी आपल्याकडे जुनी लाज होती. अजून काही घरांत ती आहे. ती आता सोडावी. संध्याकाळी जनावरांना वैरण टाकायला जाताना पोराला कडेवर घ्यावं. भाकऱ्या होईपर्यंत चुलीपुढची माउली रिकामी नसते, आपण मात्र बहुधा ओट्यावर रिकामे असतो. तो अर्धा तास लेकराचा. आज शेतात काय केलं ते त्याला सांगावं. त्याला सगळं कळणार नाही, पण बाप आपल्याशी बोलतो एवढं कळेल.

शेतातल्या धोक्यांविषयी मात्र मी शेतीचा माणूस म्हणून जरा जोरानं सांगणार आहे. बीजप्रक्रिया केलेलं बी लाल, गुलाबी, निळं दिसतं. लेकराला ती गोळी-बिस्किटं वाटतात. असं बी घरात उघडं ठेवू नये, त्याची रिकामी पिशवी खेळायला देऊ नये. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी खेळणं होत नाही. थंड पेयाच्या बाटलीत कीटकनाशक काढून ठेवायची सवय तर फारच घातक. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं दगावली. लेकराचं अंग केवढंसं, हे लक्षात घ्यावं. फवारणीच्या दिवशी झोळी त्या शेतात नकोच. फवारून आल्यावर साबणानं अंघोळ करून, कपडे बदलून मगच लेकराला घ्यावं, आणि ते कपडे लेकराच्या कपड्यांत धुऊ नयेत. उघडी विहीर, शेततळं यांच्या बाजूला लेकरू एकटं सोडू नये. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, सीताफळाच्या बिया तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती देऊ नयेत. दाणा श्वासनळीत अडकला तर मिनिटांचा खेळ असतो. दाणे द्यायचेच तर कूट करून द्यावेत.

शेवटी ओळखायच्या खुणा. सहा महिन्यांचं लेकरू आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही "बाबा, दादा" असले बोबडे आवाज काढत नसेल, दीड वर्षाचं होऊन एकही शब्द नसेल, दोन वर्षं झाली तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येत असलेलं काही विसरत चाललं असेल, तर "बाप पण उशिरानं बोलला होता" म्हणून थांबू नये. अंगणवाडीताईंना, आशाताईंना सांगावं. कधी कान कमी असतो, आणि ते जितक्या लवकर कळेल तितका उपचाराचा गुण जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, आणि गरज पडली तर मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवतं. त्या दिवशी काम कितीही असो, लेकराला नेऊन आणावं. आशाताई रक्तवाढीचं लोहाचं पातळ औषध देतात, सहा महिन्यांपुढच्या लेकराला आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक मिलिलिटर. तेही चुकवू नये. रक्त कमी असलेलं लेकरू मलूल असतं, त्याचं खेळण्यात मन लागत नाही. गरोदरपणी मिळालेलं माता व बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलेलं असेल तर ते बाहेर काढावं. कोणत्या महिन्यात लेकरानं काय करायला हवं, हे त्यात चित्रांनी दिलेलं आहे. वाचता येत नसलं तरी चित्रं कळतात.

हे पत्रक घरी नेऊन बायकांना आणि घरच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवावं. काही विचारायचं असेल तर पत्रानं किंवा फोननं कार्यक्रमाकडे कळवावं, उत्तर इथूनच देऊ.